रेडिओ की उपग्रह? रामदास बोटीपासून सावित्रीच्या खोऱ्यापर्यंत

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून इथे येणाऱ्यांपैकी काहींनी दारातच विचारलं, की महाडात बसून समुद्रातल्या शिडाच्या बोटींचं काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आपल्याला समुद्र दिसत नाही. पण सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते, आणि भरतीचं पाणी उलट्या वाटेने आपल्यापर्यंत येतं. एके काळी त्या भरतीवर स्वार होऊन मचवे आणि पडाव दासगाव-महाडपर्यंत येत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा आणि इथे बोटीत चढायचा. म्हणजे महाड हे डोंगरातलं बंदर. समुद्राचा प्रश्न आपल्याला परका नाही. पुराच्या रात्री तर मुळीच नाही.

मोठ्या शिडाच्या होडीतून लांबच्या प्रवासाला निघणारी माणसं गेली तीस-चाळीस वर्षं एका प्रश्नावर भांडतायत. बोटीवर लांब पल्ल्याचा रेडिओ बसवायचा, की उपग्रहाचा फोन घ्यायचा? हा प्रश्न वरवर यंत्राचा आहे. आज आपण त्याचा इतिहास पाहू आणि तो आपल्या खोऱ्यात आणून ठेवू, कारण आम्हाला असं वाटतं की पावसाळ्यात इथलं प्रत्येक गाव ही एक बोटच असते. वाट तुटलेली, वीज गेलेली, आणि चारी बाजूंना पाणी नाहीतर डोंगर.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. 17 जुलै 1947. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. रामदास नावाची आगबोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढातली अमावस्या, घरी जाणाऱ्यांची गर्दी. वाटेत वादळात बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. मुंबई डोळ्यांसमोर असताना मुंबईला काही कळलं नाही. बातमी पोहोचली ती कित्येक तासांनी, पोहून वाचलेल्या माणसांच्या तोंडून. ज्यांना वाचवलं गेलं त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचवलं ते रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी, त्यांच्या होड्या योगायोगाने तिथे होत्या म्हणून.

आता हे लक्षात घ्या, की तोवर रेडिओ काही नवा राहिला नव्हता. टायटॅनिक 1912 मध्ये बुडाली, म्हणजे रामदासच्या पस्तीस वर्षं आधी. टायटॅनिकवर रेडिओ होता, त्यावरून हाका गेल्या, आणि कार्पेथिया ती हाक ऐकून आली म्हणून सातशेवर माणसं वाचली. पण त्या गोष्टीत आणखी एक बोट आहे, कॅलिफोर्नियन. ती कार्पेथियापेक्षा कितीतरी जवळ होती. तिच्यावरही रेडिओ होता. फक्त तिचा एकुलता एक रेडिओवाला दिवसभराचं काम आटोपून झोपला होता. यंत्र होतं, पण त्याला कान लावून कोणी बसलेलं नव्हतं.

यावरून जगाने धडा घेतला. 1914 मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि मोठ्या प्रवासी बोटींवर रेडिओवर चोवीस तास पहारा ठेवायचं तत्त्व आलं. हा 'पहारा' शब्द आज मनात ठेवा. पुढे रेडिओवर काही जागा फक्त संकटासाठी राखून ठेवल्या गेल्या. मोर्ससाठी 500 किलोहर्ट्झ, बोलण्यासाठी 2182 किलोहर्ट्झ, आणि जवळच्या पल्ल्यासाठी व्हीएचएफचा सोळा नंबरचा चॅनेल. कुठल्याही देशाची बोट असो, तिथे कान ठेवायचा. समुद्रावरचा रेडिओ म्हणजे असा गावच्या चावडीसारखा. एक बोलतो आणि ऐकण्याच्या टप्प्यातले सगळे ऐकतात.

मग उपग्रह आले. बोटींसाठी उपग्रह-संपर्काची आंतरराष्ट्रीय संस्था इनमारसॅट 1979 मध्ये स्थापन झाली आणि 1982 मध्ये तिचं काम सुरू झालं. तिचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर. पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला ते एका जागी टांगलेले वाटतात. सुरुवातीची यंत्रं एवढी मोठी आणि महाग होती, की लहान शिडाच्या होडीवाल्याने त्याकडे नुसतं बघावं. हातात मावणारा फोन घेऊन आली इरिडियम, 1998 च्या नोव्हेंबरात. 66 उपग्रह, सुमारे 780 किलोमीटर उंचीवर, सतत फिरते, एक मावळला की दुसरा उगवतो. कंपनीचं दिवाळं वर्षभराच्या आतच निघालं, पण उपग्रह वर फिरतच होते. नव्या मालकाने अगदी मातीमोल भावात ते घेतले आणि सेवा पुन्हा सुरू झाली.

त्याच सुमाराला, 1 फेब्रुवारी 1999 पासून, मोठ्या जहाजांसाठी संकट-संदेशाची नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. मोर्सचं युग संपलं. बटण दाबलं की यंत्र आपणहून बोट कोणती, कुठे आहे हे कळवणार. माणसाने कान लावून बसायची गरज कमी झाली. सोय झाली, यात शंकाच नाही. पण एक गोष्ट हळूहळू गेली. चावडीवर बसणारी माणसं उठून गेली.

आता शिडाच्या होडीवाल्याच्या जागी आपण बसू. त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत.

पहिला, लांब पल्ल्याचा रेडिओ. तो बसवणं हे मोठं काम. डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार असते, तिचाच ॲंटेना करायचा. समुद्राच्या पाण्याशी विजेचा चांगला संबंध राखायला बोटीच्या बुडाशी धातूची पट्टी. बोलताना तो बॅटरीतून भसाभसा वीज ओढतो. शिवाय लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन लांब जातात. तो थर दिवसा वेगळा, रात्री वेगळा, सूर्यावरच्या डागांनुसार वेगळा. कोणत्या वेळी कोणती वारंवारता लागेल हे शिकावं लागतं. पण एकदा जमलं की दरमहा बिल नाही, मध्ये कोणी कंपनी नाही, आणि शेकडो मैलांतल्या सगळ्या होड्या एकाच वेळी ऐकतात.

दुसरा, उपग्रहाचा फोन. खिशात मावतो, पोरसुद्धा वापरू शकतं, आवाज स्वच्छ. पैसे भरावे लागतात, आणि फोन एकाच नंबरला लागतो. तो नंबर उचलणारा जागा असला पाहिजे. शेजारून, दहा मैलांवरून जाणाऱ्या होडीला तुमचं संकट कळत नाही.

यात आपल्या मराठी माणसाचा आणि आपल्या किनाऱ्याचा मोठा वाटा आहे. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून एकट्याने शिडाच्या बोटीतून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि मे 2010 मध्ये ते मुंबईला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट होती म्हादेई, 56 फुटी, गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. मध्ये फक्त चार मुक्काम. पुढे याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

आणि त्याच अभिलाष टॉमींचा 2018 चा प्रसंग आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. गोल्डन ग्लोब नावाची शर्यत. 1968 सालच्या जुन्या शर्यतीसारखीच साधनं वापरायची, जीपीएस नाही, बोलायला रेडिओ. उपग्रहाची यंत्रं बोटीवर होती, पण ती संघटकांशी संपर्क आणि संकट यांसाठी. टॉमींची बोट थुरिया, तीही गोव्यात बांधलेली. 21 सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिणेला, ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरापासून सुमारे 1900 सागरी मैलांवर, वादळात बोट उलथीपालथी झाली, डोलकाठी गेली, पाठीला जबर दुखापत झाली. डोलकाठी गेली की तिच्या तारेवरचा ॲंटेनाही जातो, हे रेडिओचं मोठं दुबळेपण. त्या वेळी बाहेरच्या जगाशी धागा राहिला तो उपग्रहातून मजकूर पाठवणाऱ्या एका छोट्या यंत्राचा.

तर मग उपग्रह जिंकला का? थोडं थांबा. संदेश मिनिटांत गेला, पण माणूस हाती लागला 24 तारखेला. तीन दिवस. भारतीय नौदलाचं आणि ऑस्ट्रेलियाचं विमान वरून बोट शोधून आलं, पण त्यांना उचललं ते ओसिरिस या फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजाने, कारण ते त्यातल्या त्यात जवळ होतं. त्याच वादळात डोलकाठी गमावलेला आयर्लंडचा स्पर्धक मोडक्या बोटीला तात्पुरतं शीड बांधून टॉमींच्या दिशेने येत होता. म्हणजे हाक आकाशातून गेली तरी हात जवळच्याचाच लागतो. रामदासच्या वेळी रेवसचे कोळी, इथे फ्रेंच जहाज. उपग्रहाने काम केलं ते असं, की त्या जवळच्याला शोधून कळवणारी एक जागी यंत्रणा किनाऱ्यावर बसलेली होती. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्रात पहारा होता.

आता आपण सावित्रीवर परत येऊ.

जुलै 2005 च्या शेवटच्या आठवड्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. शंभराहून अधिक माणसं गेली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा जुना दगडी पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं. त्या काळोखात पुढच्या गाड्या थांबल्या, त्या जवळच्या माणसांनी थांबवल्या आणि फोन केला म्हणून. त्या रात्री फोन चालू होता, हे आपलं नशीब. 28 जुलै 2018 ला पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. वाचला तो एकच माणूस. तो चढून वर रस्त्यावर आला, आणि त्यानंतर जगाला कळलं. आणि 22 जुलै 2021. दुपार टळताना तळियेवर डोंगर आला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. महाड शहर पाण्याखाली, रस्ते बंद, घाटांत दरडी, वीज नाही, मोबाइल नाही. तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि बाहेरची बचाव पथकं पोहोचली दुसऱ्या दिवशी.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. 1947 मध्ये बातमी पोहत आली. 2018 मध्ये ती दरी चढून आली. 2021 मध्ये ती चिखलातून चालत आली. मध्ये चौऱ्याहत्तर वर्षं गेली, माणूस चंद्रावर जाऊन आला, पण आपल्या खोऱ्यात आणीबाणीची वेळ आली की संदेश अजून माणसाच्या पायांवरच अवलंबून.

याचं कारण काय? आपण म्हणतो मोबाइल म्हणजे बिनतारी. ते फक्त शेवटच्या काही किलोमीटरपुरतं. टॉवरला वीज लागते, वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल, आणि डिझेल आणायचं त्या रस्त्यावर दरड. शिवाय अनेक टॉवर पुढे जोडलेले असतात ते जमिनीखालच्या केबलने, आणि केबल जाते रस्त्याच्या कडेने. रस्ता खचला की तीही गेली. म्हणजे दरड रस्ता तोडते तेव्हा बहुधा बातमीची वाटही तोडते.

मग इथे रेडिओ की उपग्रह?

डोंगराचं गणित समुद्रापेक्षा वेगळं. व्हीएचएफचा हातातला वॉकीटॉकी सरळ रेषेत बोलतो. मध्ये डोंगराची सोंड आली की संपलं. त्याला उंचावर बसवलेलं, ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणारं केंद्र लागतं, आणि त्या केंद्रालाही वीज लागते. पण लांब पल्ल्याच्या रेडिओत एक जुनी युक्ती आहे. ॲंटेना उंच न बांधता जमिनीपासून थोड्याच उंचीवर आडवी तार ताणायची आणि सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या किंवा त्याखालच्या लहरी सरळ डोक्यावर सोडायच्या. त्या आयनांबराला लागून कारंज्याच्या पाण्यासारख्या सभोवार शे-दोनशे किलोमीटरवर खाली पडतात. मधल्या डोंगरांचा प्रश्नच येत नाही. कारची बॅटरी, दोन झाडं आणि एक तार एवढ्यावर तळियेतून अलिबागशी बोलता येऊ शकतं. हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, ते हेच करतात. 1993 च्या लातूर भूकंपात ते धावले होते. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅम मंडळींचं एक पथक दुसऱ्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला होतं, आणि अंदमानचा मुख्य भूमीशी संबंध तुटला असताना त्यांचा रेडिओ चालू होता.

उपग्रहालाही आपलं खोरं तसं वाईट नाही. भूस्थिर उपग्रह आपल्याकडून दक्षिणेला पण बराच उंच दिसतो, म्हणून दरीतूनही आकाशाचा तो तुकडा बहुधा मोकळा मिळतो. साध्या उपग्रह-फोनच्या लहरींना पावसाचा फारसा अडथळा होत नाही. आपल्या घरची टीव्हीची छत्री पावसात बंद पडते, कारण तिची वारंवारता बरीच वरची आहे. उपग्रहावरून येणाऱ्या नव्या इंटरनेटच्या छत्र्यांनाही मुसळधार पावसाचं हे भान ठेवावंच लागेल, आणि विजेचंही.

अडचण आहे ती परवान्याची, आणि तिलाही इतिहास आहे. सरकारला बिनतारी यंत्राची भीती जुनी. 1942 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा ब्रिटिशांची झोप उडाली होती. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्लेखोरांनी समुद्रमार्गे येताना उपग्रह-फोन वापरला, आणि त्यानंतर आपल्याकडे त्यावरची नजर आणखी कडक झाली. परदेशातून उपग्रह-फोन आणून खिशात ठेवला तर आज भारतात अटक होऊ शकते. दूरसंचार खात्याच्या परवानगीने बीएसएनएलची सेवा 2017 पासून आहे, पण ती प्रामुख्याने सरकारी यंत्रणांसाठी. हॅम रेडिओचं तसं नाही. परीक्षा दिली की बारा वर्षांचं मूलही परवाना घेऊ शकतं, आणि खालच्या श्रेणीसाठी मोर्स यावं लागत नाही. ही दारं आपल्या शाळांना उघडी आहेत.

कोळी बांधवांसाठी इस्रोने 2010 पासून संकट-सूचक यंत्र दिलं. बटण दाबलं की संदेश उपग्रहातून तटरक्षक दलापर्यंत. पण पहिल्या पिढीच्या यंत्रात एक उणीव होती. हाक गेली, पण ती पोहोचली की नाही हे बोटीवाल्याला कळायचं नाही. 2024 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत उलट पोच मिळते, की ऐकलं, मदत येते आहे. बुडत्या माणसासाठी त्या एका ओळीचं मोल आम्ही सांगायला नको.

तर उत्तर काय? लांबचे होडीवाले शेवटी ज्या तोडग्यावर आले तो असा: संकटासाठी उपग्रह, सोबतीसाठी रेडिओ. आणि या सोबतीतच खरी गोष्ट आहे. समुद्रावरच्या होड्या रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारंवारतेवर एकत्र येतात. एक जण हजेरी घेतो. प्रत्येक होडी आपली जागा, वारा, तब्येत सांगते. पाच मिनिटांचं काम. पण एखादी होडी हाकेला ओ देत नाही, तेव्हा सगळ्यांचे कान टवकारतात. दुसऱ्या दिवशीही नाही, की शोध सुरू. हजेरी घेणारा असला तर गप्प बसणं हाही संदेश होतो.

आम्हाला 22 जुलै 2021 बद्दल हेच सतत बोचतं. त्या संध्याकाळी तळिये गप्प झालं होतं, केवनाळे गप्प झालं होतं. पण त्या दिवशी सगळंच खोरं गप्प होतं, आणि कोणाचं गप्प होणं वीज गेल्याचं आणि कोणाचं डोंगर कोसळल्याचं, हे ओळखायला हजेरी नव्हती. यात एखाद्या कार्यालयाला दोष द्यायचा आमचा हेतू नाही. ती पद्धतच आपण कधी बसवली नाही. आता पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी महाडला ठेवली जाते, हे फार चांगलं झालं. जवळचा हात आला. पण हाताला दिशा देणारा कान अजून गावागावांत तयार व्हायचा आहे.

म्हणून कोणी विचारलं, की आमच्या वाडीने रेडिओ घ्यावा की उपग्रह-फोन, तर आम्ही आधी उलट विचारू. रोज संध्याकाळी सात वाजता तुमच्या वाडीचं नाव कोण पुकारणार? आणि ओ आली नाही तर तो कोणाला उठवणार? याचं उत्तर असेल, तर जे परवान्यात आणि खिशात बसेल ते यंत्र घ्या. नसेल, तर सर्वांत महागडं यंत्रही कॅलिफोर्नियनवरच्या रेडिओसारखं कोपऱ्यात पडून राहील.

पुढचा पावसाळा येतोच आहे.